आपण कुठले?

एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, आपल्याकडे दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. आधी गाव, मग आडनाव, मग "म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?" काहींना हा भोचकपणा वाटतो. मला त्यात सोय दिसते. समोरचा कोण हे कळलं की पुढचं बोलणं बेतता येतं.

संगणकावरही एक प्रोग्राम हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर सरळ काम थांबवतो. त्या थांबण्यावर लोक फार चिडतात. मला मात्र वाटतं की त्याचं थांबणं बरोबर असतं, आणि आपण त्याला गप्प करायला जे करतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. आज त्याबद्दल.

घरच्या वाचकांसाठी आधी थोडं. (तांत्रिक मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी मिळतं. एक म्हणजे तयार पीठ. पिशवी फोडली की कामाला सुरुवात. दुसरं म्हणजे गहू. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, घरी आणायचा आणि आपल्या मशीनवर दळून घ्यायचा. या दळण्याला बिल्ड करणं म्हणतात. लिनक्सच्या जगात बऱ्याचशा जुन्या-नव्या सॉफ्टवेअरबरोबर 'कॉन्फिगर' नावाची एक स्क्रिप्ट येते. दळण सुरू करण्याआधी ती घरभर फिरून बघते की जातं कुठलं आहे, वीज आहे का, चाळणी आहे का. या तपासणीतला एक महत्त्वाचा प्रश्न म्हणजे आपलं 'आपण कुठले?'

हा प्रश्न विचारायला दोन छोट्या स्क्रिप्ट ठेवलेल्या असतात. पहिली 'कॉन्फिग.गेस'. ती अंदाज बांधते. दुसरी 'कॉन्फिग.सब'. ती कुणी काहीही नाव सांगितलं तरी त्याचं प्रमाण रूप करून देते, आणि नाव तिच्या यादीत नसेल तर नाकारते. कॉन्फिग.गेस मुळात पेर बॉथनर यांनी लिहिली. फाइलीच्या माथ्यावर स्वामित्वहक्काचं पहिलं वर्ष १९९२ आहे. २००० सालापासून बेन एलिस्टन ती सांभाळत आले, हेही तिथेच लिहिलेलं असतं. दीड हजारांहून जास्त ओळींची ही फाइल वाचायला मजा येते. व्हॅक्स, क्रे, अमिगा, बीओएस.. आज कुणाच्या घरात नसलेल्या मशीनांची नावं तिच्यात अजून आहेत. गावच्या तलाठ्याच्या दप्तरात पणजोबांच्या वेळची नोंद सापडावी तसं.

तिचं उत्तर येतं ते आपल्या नावासारखं, तीन भागांत. आपलं कसं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तसं इथे प्रोसेसर, बनवणारा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम. नेहमीच्या लिनक्स लॅपटॉपवर 'एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू'. (मोजलं तर भाग चार आहेत, तरी म्हणतात त्रिकूटच. शेवटचं जोडआडनाव समजा.) मोबाईलमध्ये किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डात असतो तसा ६४-बिट आर्म प्रोसेसर असेल तर 'आर्च६४-अननोन-लिनक्स-जीएनयू'. मधला 'अननोन' मला फार आवडतो. बनवणारा कोण ते कळलं नाही, आणि त्याने इथे बिघडतही नाही, म्हणून सरळ 'माहीत नाही' लिहिलंय. बळेच कुणाचं नाव चिकटवलेलं नाही.

आता भांडण कुठे होतं ते बघू.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने अशाच एका आर्म बोर्डवर आवाजाशी संबंधित एक जुनी लायब्ररी बिल्ड करायला घेतली. तिची शेवटची आवृत्ती २००९ची. कॉन्फिगर चालवल्यावर लगेच उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा: 'बिल्ड कुठल्या मशीनवर चाललाय याचा अंदाज येत नाही, तुम्हीच सांगा.' त्यावर त्याने मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, "सांग काहीतरी त्याला. --बिल्ड=आर्म-लिनक्स लिही, पुढे जातं ते." आणि खरंच पुढे गेलं. कॉन्फिगर शेवटपर्यंत गोडीगुलाबीने चाललं. मग मेक सुरू केलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर चुकांचा असा पूर आला की वरचं काही दिसेना. रात्री मला फोन. "मामा, कंपाइलरच बिघडलाय बहुतेक. सगळा पुन्हा इन्स्टॉल करू का?"

कंपाइलर उत्तम होता. घडलं ते असं. आर्मने आपली ६४-बिट रचना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर केली. २००९ साली गाठोड्यात बांधलेल्या कॉन्फिग.गेसला ती माहीत असणं शक्यच नव्हतं. तिने प्रामाणिकपणे हात वर केले. मित्राने सांगितलेलं 'आर्म' हे नाव मात्र त्या जुन्या यादीत होतं, पण ३२-बिट आर्म म्हणून. नाव पटल्यावर लायब्ररीने ३२-बिट आर्मसाठी हाताने लिहिलेला असेम्ब्ली कोड उचलला आणि ६४-बिट असेम्ब्लरच्या पुढ्यात टाकला. त्याला त्यातली एक सूचना कळेना. त्या शेकडो चुका म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या एका खोट्या नावाचा विस्तार होता.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. त्याच्याच बोर्डवर डेबियनच्या 'ऑटोटूल्स-डेव्ह' या पॅकेजमधून कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब यांच्या ताज्या प्रती मिळाल्या. त्या जुन्यांच्या जागी ठेवल्या. या वेळी ओळख बरोबर पटली. ६४-बिट आर्मसाठी लायब्ररीकडे खास असेम्ब्ली नव्हतीच, म्हणून तिने साधा सी कोड घेतला. किंचित हळू, पण बरोबर. आणि बिल्ड झालं.

माझा मुद्दा इथे आहे. पहिला निरोप एका ओळीचा होता, खरा होता, वेळेवर होता. तो अडथळा आहे असं समजून आपण त्याला बाजूला ढकललं की तोच दोष पुढे कुठेतरी शंभर ओळींचा होऊन, वेगळ्याच तोंडाने भेटतो. आणि इथे निदान भेटला तरी. काही लायब्रऱ्या पॉइंटर किती बाइटांचा, बाइटांचा क्रम कुठला, अशा गोष्टी नावावरून तक्त्यात बघून ठरवतात. तिथे खोटं नाव खपून जातं, बिल्ड होतं, प्रोग्राम चालतो, आणि चुकीचे आकडे देतो. ते तर त्याहून वाईट. 'ओळखत नाही' म्हणून दारात थांबवणारा पहारेकरी मला कुणालाही आत सोडणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

मग कुणी म्हणेल, ही फाइल इतकी जुनी राहतेच का? कारण आपल्याकडच्या झेरॉक्सांसारखं आहे. मूळ दाखला एकच, तो जीएनयू प्रकल्पाकडे, वेळोवेळी सुधारलेला. पण प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या गाठोड्यात त्याची एक झेरॉक्स घेऊन फिरतं. ज्या दिवशी गाठोडं बांधलं त्या दिवशीची झेरॉक्स. मूळ दाखल्यात नवी नोंद झाली तरी झेरॉक्सला कोण कळवणार? बरं, लपवाछपवीही नाही. प्रत्येक प्रतीत सुरुवातीलाच तारीख छापलेली असते, आणि ओळख पटली नाही तर कॉन्फिग.गेस स्वतःच सांगते की माझी प्रत जुनी असेल तर नवी आणा आणि असतील तेवढ्या सगळ्या प्रती बदला. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात आणखी दोन-तीन सॉफ्टवेअर असतात, त्यांच्या आपल्या वेगळ्या झेरॉक्स असतात. एक बदलून दुसरी तशीच राहिली की माणूस म्हणतो, "मी तर बदलली होती!"

डेबियनवाल्यांनी यावर चांगला तोडगा काढला. २०१६ पासून त्यांच्या पॅकेज बांधण्याच्या ठरीव पद्धतीतच या दोन फाइली बिल्डच्या आधी आपोआप ताज्या होतात. मला हे पटतं. हजारो लेखकांना पत्रं पाठवत बसण्यापेक्षा दळणाच्या वेळी ताजी प्रत घालणं सोपं.

तरी दोन फाइली बदलून दरवेळी भागतं असंही नाही. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर लिनक्सचा बाइटांचा क्रम उलटा केलेला प्रकार २०१३-१४च्या सुमारास आला. तेव्हा नुसती ओळख पटवून काम होईना. लिबटूल नावाच्या मदतनिसाची जुनी प्रतही गाठोड्यात होती. तिला हे नाव अनोळखी, म्हणून ती सामायिक लायब्ररी बनवायचीच नाही, फक्त स्थिर लायब्ररी बनवून मोकळी. चूक नाही, तक्रार नाही, फक्त ताटात एक पदार्थ कमी. तिथे 'ऑटोरीकॉन्फ -एफआय' चालवून सगळी यंत्रणाच आपल्या मशीनवरच्या ताज्या साहित्यातून पुन्हा तयार करावी लागते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी कॉन्फिग.गेसचा वकील आहे असं वाटेल. तिचंही चुकतं. मुख्य कारण असं की ती आधी 'युनेम' या आज्ञेला विचारते, आणि युनेम म्हणजे कर्नलचं म्हणणं. घरमालकाला विचारून भाडेकरूची भाषा ठरवावी तसं होतं कधीकधी. २०२३ साली रास्पबेरी पायच्या ३२-बिट प्रणालीत असाच गोंधळ झाला. अपडेटनंतर पाय ४वर कर्नल ६४-बिट येऊ लागला, वरचे प्रोग्राम आणि कंपाइलर मात्र ३२-बिटच राहिले. युनेम म्हणणार ६४, कंपाइलर बनवणार ३२. अ‍ॅपलच्या नोव्हेंबर २०२० नंतरच्या एम-१ मशीनांवर तर एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा, एक नेहमीची आणि एक रोझेटाखाली, दोघींत युनेमची उत्तरं वेगळी येतात. त्यात आणखी, अ‍ॅपल ज्याला 'आर्म६४' म्हणतं त्याला जीएनयू 'आर्च६४' म्हणतं. जुन्या कॉन्फिग.सबला पहिलं नाव ठाऊकच नव्हतं, म्हणून तिने ते नाकारलं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव. माणूस एकच, पण रेशनकार्डावर जमत नाही.

अशा वेळी --बिल्ड देणं अगदी योग्य. फरक एवढाच की इथे आपण खरं सांगतोय. साक्षीदाराचं चुकलं, आपल्याला पुराव्यानिशी माहीत आहे, म्हणून दुरुस्ती करतोय. पुरावा कुठला? 'जीसीसी -डंपमशीन' ही आज्ञा. कंपाइलर स्वतः कुणासाठी दळतो ते ती सांगते, आणि पीठ शेवटी त्याच्याच जात्यातून पडणार आहे. नव्या कॉन्फिग.गेसने हाच धडा घेतलाय. एक्स८६ आणि आर्म दोन्हींवर ती आता कर्नलला विचारून थांबत नाही, कंपाइलरलाही विचारून खात्री करते.

एक गफलत फार जणांची होते म्हणून इथेच सांगतो. --बिल्ड आणि --होस्ट यांत फरक आहे. डबा डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाक घरी होतो, जेवण ऑफिसात. --बिल्ड म्हणजे स्वयंपाकघर, जिथे बिल्ड चाललंय ते मशीन. --होस्ट म्हणजे जेवणारा जिथे बसलाय ते, जिथे तयार प्रोग्राम चालणार ते मशीन. 'होस्ट' म्हणजे यजमान, तेव्हा ते आपलंच मशीन, असं वाटून लोक तिथे भलतं नाव देतात. दोन नावं वेगळी दिसली की कॉन्फिगर समजतं, हा डबा परगावी जाणार. मग ते चाचणीचे छोटे प्रोग्राम चालवून बघायचं सोडून देतं, आणि ज्या गोष्टी करून कळल्या असत्या त्या अंदाजाने ठरवतं. घरीच जेवायचं असेल तर --होस्टला हात लावू नये हे उत्तम.

तर अडलं तर मी काय करतो? घाईने काही सांगत नाही. आधी कॉन्फिग.गेस हाताने चालवून बघतो की ती म्हणते काय. मग युनेम काय म्हणतं आणि जीसीसी काय म्हणतं, तिन्ही ओळी एकाखाली एक लिहितो. तिन्ही जुळल्या तर बहुधा झेरॉक्स बरी आहे आणि दोष दुसरीकडे आहे. कधी झिप विंडोजवर उघडल्यामुळे ओळींच्या शेवटी जादा चिन्ह आलेलं असतं, कधी फाइल चालवायची परवानगीच गेलेली असते. गेस गप्प बसली तर तारीख बघतो आणि दोन्ही फाइली, सगळ्या प्रती, एकदम बदलतो. त्यातली एकच बदलली तर गेस नवं नाव सांगते आणि सब ते नाकारते. लिबटूल असेल तर ऑटोरीकॉन्फ. युनेम आणि जीसीसीच आपसात भांडत असतील, तरच --बिल्ड, आणि तेही जीसीसी म्हणतं ते.

काहींचं म्हणणं असं की हा नाव विचारण्याचा प्रकारच जुनाट आहे. यात तथ्य आहे. ऑटोकॉन्फची शिकवणही तीच आहे: मशीनचं नाव विचारू नका, मशीनला काय येतं ते करून बघा. कोकणातला आहेस म्हणजे पोहता येत असेलच, असं म्हणून कुणाला विहिरीत ढकलू नये. पोहता येतं का ते उथळ पाण्यात बघावं. कितीतरी सॉफ्टवेअरांत नाव विचारलं जातं आणि पुढे त्या नावाचा उपयोग काहीच नसतो. असं नुसतंच नाव विचारून नव्या मशीनला दारातून परत पाठवणं हा मात्र लेखकाचा आळस. त्याला माझा पाठिंबा नाही. पण असेम्ब्ली निवडायची असेल, लायब्ररीचं नाव कसं ठेवायचं ते ठरवायचं असेल, तिथे नाव लागतंच. तिथे ते नीट विचारलं जावं.

आणि नाव वाईट कामालाही वापरता येतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सगळीकडे असणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेलं चोरदार सापडलं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्यातून ते उघडकीला आलं. ते आत येण्याची वाट होती बिल्डच्या याच यंत्रणेतून, गाठोड्यात घातलेल्या पण जाहीर सोर्सच्या भांडारात नसलेल्या एका फाइलीतून. त्या चोराने आधी काय तपासलं असेल? हेच आपलं त्रिकूट. नाव 'एक्स८६_६४'ने सुरू होतं का, 'लिनक्स-जीएनयू'ने संपतं का. म्हणून गाठोड्यातल्या आयत्या फाइलींवर विसंबण्यापेक्षा त्या आपल्या घरी पुन्हा तयार कराव्यात, हे आता नुसतं सोयीचं राहिलेलं नाही. (त्यानेही सगळे चोर सापडतील असं नाही, पण दार तरी आपण लावलेलं असेल.)

हे सगळं आपल्याला पुढे लागणार आहे. रिस्क-फाइव्ह ही खुली रचना आता जगभर पसरते आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर त्याच रचनेचे. या मशीनांवर उद्या कुणी विद्यार्थी जुनं, चांगलं, पण लेखकाने दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिलेलं एखादं सॉफ्टवेअर बिल्ड करायला बसेल, तेव्हा पहिलं उत्तर हेच येणार: 'ओळखत नाही.' त्या मुलाने हे उत्तर अपमानासारखं घेऊ नये, आणि दुसऱ्याचं नाव सांगून आतही घुसू नये. आपलं नाव असलेली नवी यादी आणून ठेवावी, आणि जमलं तर त्या सॉफ्टवेअरच्या सध्याच्या सांभाळणाऱ्याला दोन ओळींचं पत्रही लिहावं, म्हणजे मागून येणाऱ्याला तेवढा त्रास कमी.

असो. दळण जरा मोठंच झालं. घरच्यांपैकी कुणी इथपर्यंत वाचलं असेल तर कळवा, पुढच्या वेळी पुरणपोळीवर लिहितो :-) आणि बिल्ड करणाऱ्या मंडळींपैकी कुणाला वेगळा अनुभव आला असेल, विशेषतः रिस्क-फाइव्हवर, तर जरूर लिहा. त्या तीन ओळीही सोबत लिहायला विसरू नका.